एक पट्टी त्याची, एक तिची

११ जून १९६४, कोरीट

सुकदेव, रागावू नको. ही वही तू दिवाळीला दिलीस. "आबा, रोज दोन ओळी लिहा, डोकं शांत राहील," असं म्हणालास, आणि मी पहिली ओळ आज लिहितो आहे. फार उशीर झाला. चौथीपर्यंत शिकलेल्याचा हात चालत नाही, हे एक. दुसरं म्हणजे डोकं शांत करायची मला इच्छा नव्हती. अजूनही नाही.

तू सुरतेच्या दवाखान्यात पडून आहेस, म्हणजे हे तू वाचणार नाहीस. मग मोकळं लिहितो.

गुऱ्हाळावर कढई चुलवणावरून उतरवायला चार माणसं लागतात. दोन बांबू, चार टोकं. तीन टोकं वर राहिली आणि एक खाली आलं. खाली आलेलं टोक देवरामच्या, तुझ्या थोरल्या भावाच्या, खांद्यावर होतं. तो म्हणतो पाय सरकला. होळीच्या आधीपासून आजपर्यंत हेच ऐकतो आहे. पाय सरकला त्याचा आणि उकळता रस धाकट्याच्या, तुझ्या, अंगावर. डावी बाजू कंबरेपासून घोट्यापर्यंत, आणि उजवी पोटरी.

नंदुरबारच्या डॉक्टरने दोन महिने मलम लावलं. जखम तशीच ओली. मग म्हणाला सुरतेला न्या. आधी का नाही म्हणाला.

१४ जून

सुरतेहून सु.चं कार्ड. मोठे डॉक्टर म्हणतात, इतक्या मोठ्या जखमेवर आता आपोआप कातडी येणार नाही, लावावी लागेल. त्याची स्वतःची काढायची, पण अंगात रक्त नाही, जास्त काढता येत नाही. घरातल्या कुणाची तरी हवी.

जेवताना देवरामला सांगितलं की तू जा. सख्खा भाऊ आहेस, एका कानबाईचा रोट, घरच्या देवीचा प्रसाद, खाणारे तुम्ही. तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला पेरणी तोंडावर आहे. मी म्हणालो पेरणी मी करीन. मग म्हणाला बैलाला खांदा आला आहे, सूज आहे. म्हटलं बैलाचा खांदा दिसतो तुला, भावाची मांडी नाही दिसत.

तेव्हा खरं बोलला. "माले भ्या वाटस, आबा. चाकू दखीसन मन्हा जीव जास."

चाळिशीला आलेला माणूस. ताट तसंच ठेवून मी उठलो. थोरली सून आतून हळूच म्हणाली की नवी नवरी घरात आली आणि हे सुरू झालं. "तिना पाय लागना आन् हाई व्हयनं." म्हणजे कढई धाकटीच्या, काशीच्या, पायाने उपडी झाली, हिच्या नवऱ्याच्या खांद्यावरून नाही. काशीचं लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा. ती गुऱ्हाळावर आलीसुद्धा नव्हती.

१७ जून, सुरत

नंदुरबारहून गाडीत उभा राहून आलो. म्हाताऱ्याला कुणी जागा देत नाही.

डॉक्टरांपुढे शर्ट काढून बसलो आणि म्हटलं माझी घ्या. त्यांनी माझ्या दंडाची कातडी चिमटीत धरली. ती धरली तशीच उभी राहिली, खाली बसेना. ते हसले. हसण्यासारखं काय होतं? हिंदीत म्हणाले, बाबा, ही तुम्हालाच पुरत नाही.

मी सांगितलं, मोठा मुलगा आहे, त्याला आणतो, आठवडा द्या. म्हणाले आठवडा देणं माझ्या हातात नाही, ताप पाहा. सु.चं तोंड हिवाळ्यातल्या पपईच्या पानासारखं झालं आहे. पाणीसुद्धा नको म्हणतो.

धर्मशाळेत ढेकूण.

१८ जून

सकाळी गेलो तर काल खाटेजवळ बसलेली काशी जागेवर नाही. शेजारच्या खाटेवरचा मिलमधला गुजराती म्हातारा म्हणाला, "अंदर ले गये, दोनोंको." मला न विचारता. सासरा बाहेर चहा पीत होता आणि सून आत मांडी कापून देत होती. कागदावर अंगठाही तिनेच उठवला.

तिने इथला रोट अजून खाल्लेला नाही. माघातलं लग्न, आणि कानबाई श्रावणात. आमच्यात पोरगी लग्न होऊन गेली की तिलासुद्धा रोट चालत नाही, मग जिने अजून तोंडाला लावला नाही ती आमच्या रक्तात कशी बसेल. हे मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ते पुन्हा हसले असते. हसोत.

दुपारी दोघांना बाहेर आणलं. काशीच्या दोन्ही मांड्यांना पट्ट्या. माझ्यासमोर ती बोलत नाही, रीत आहे. पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून पडली. नर्स विचारते दुखतं का, तर मान हलवते, नाही. दुखत नसेल कसं.

१९ जून

डॉक्टरांच्या हाताखालच्याने सांगितलं कसं लावलं ते. एक पट्टी सु.ची स्वतःची, पाठीवरून काढलेली. तिच्या शेजारी एक पट्टी काशीची. मग परत त्याची. शेतात तास घालतात तशा, ओळीने. त्याच्या पट्ट्या अरुंद, कारण कमी निघाली. काशीच्या रुंद.

मी विचारलं, असं एकाआड एक कशाला. म्हणाला साहेब सांगतील. साहेब काही सांगत नाहीत, पुढच्या खाटेवर जातात.

२४ जून

आज वर बांधलेली पट्टी सोडली. मला दाराशी उभं केलं होतं, तरी दिसलं. चिकटली आहे. दोघांचीही. गुलाबी, लहान पोराच्या टाचेसारखी. ओल थांबली. ताप उतरला आहे. सु.ने वरण-भात मागून खाल्ला.

मग बोलायलाही लागला. "आबा, सासरवाडी आंगवर लिसन पडेल शे मी. आते प्रकाशाना लोक मन्ही मांडी पाव्हना म्हनीसन दखाले येतीन." काशीचं माहेर प्रकाशा गावचं. ती पदराआड हसली, खांदे हलताना दिसले. मीही हसलो असतो, पण हसलं की दृष्ट लागते.

काशी भिंतीला धरून चालते. पाय फाकवून. थोरलीने पाहिलं तर म्हणेल नखरे करते.

२ जुलै

नाही धरली.

सकाळी वरची पट्टी सोडली तर काशीच्या कातडीच्या पट्ट्या निळसर. कडेला फोड. नर्सने चिमट्याने एक टोक उचललं तर सुटून वर आलं, ओल्या कागदासारखं. वास. मी लगेच बाहेर आलो आणि व्हरांड्यात कठड्याला धरून उभा राहिलो. आठवड्यापूर्वी गुलाबी होतं ते.

मला माहीत होतं. मी देवरामला सांगत होतो. सांगून सांगून तोंड वाळलं. सख्खा भाऊ घरी बैलाच्या खांद्याला हळद लावत बसला आणि परक्या कुळातली पोर पुढे झाली, आता बघा. चांगल्या पोरीच्या मांड्या फुकट गेल्या. त्या पोरीच्या बापाला काय तोंड दाखवू.

माझा राग कुणावर आहे तेच कळत नाही. सगळ्यांवर आहे.

३ जुलै

डॉक्टरांना गाठलं. जिन्यातच अडवलं. म्हटलं तुम्हाला ठाऊक होतं का. म्हणाले हो. हो म्हणाले. शांतपणे. मी विचारलं, ठाऊक होतं तर लावली कशाला, त्या पोरीला कापलं कशाला.

ते तिथेच पायरीवर थांबले. मग गुजरातीत, सावकाश, मला कळेल असं: "काका, आ चामडी तो मेमान छे. थोडा दहाडा रहेशे, घर साचवशे, पछी जशे." पाहुणी आहे म्हणे. थोडे दिवस राहील, घर सांभाळेल, मग जाईल. तेवढ्यात तुमच्या मुलाच्या स्वतःच्या पट्ट्या पसरतील. भावाची लावली असती तरी अशीच गेली असती. बापाची, आईची, कुणाचीही. एकाचं अंग दुसऱ्याची कातडी ठेवून घेत नाही. हे काशीबेनला मी आधीच सांगितलं होतं, म्हणाले. तिने अंगठा उठवण्याआधी.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, साहेब, सून पाहुणी नसते. आमच्यात सून पाहुणी नसते. तुमच्याकडे असेल. आवाज चढला असावा, शिपाई आला.

डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, पण हे अंगाला कळत नाही.

धर्मशाळेत येऊन पडलो. मी काय बोललो ते मलाच नंतर आठवत राहिलं. परवापर्यंत तिने रोट खाल्लेला नाही म्हणून मीच कुरकुरत होतो. पण मी म्हणणं वेगळं. हा कोण म्हणणारा.

६ जुलै

खाटेजवळ गेलो. सु.ला झोप लागली होती. मी स्टुलावर बसून देवरामला शिव्या देत होतो, मनातच, पण ओठ हलत असतील.

काशी उठून बसली. पदर पुढे होता. पण तोंड माझ्याकडे. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली, सु.ला मध्ये न घालता.

"आबा, मन्ही वाळी ऱ्हायनी ती वाळू द्या. त्यासनी धरी ऱ्हायनी ना."

म्हणजे माझी वाळते आहे तर वाळू द्या, त्यांची धरते आहे ना. आणि चादर बाजूला करून दाखवलं. नर्सने नुकतीच पट्टी बदलली होती, एक भाग उघडा होता. तिच्या वाळलेल्या पट्टीच्या खालून, कडेने, सु.च्या पट्टीचा पातळ पदर सरकत आला होता. किती, तर तांदळाच्या दाण्याएवढा. निळसर पांढरा. मला आधी तो पूच वाटला.

मी विचारलं, तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं टिकणार नाही म्हणून? तिने मान डोलावली. मग आम्हाला का नाही सांगितलं?

"तुम्ही देऊ दिन्हं नसतं."

खरं आहे. देऊ दिलं नसतं. बाहेर जाऊन दोन केळी घेऊन आलो आणि तिच्या उशाशी ठेवली. तिने एक सु.साठी ठेवलं, हेही दिसलं. रागच आला. तिला दिलेलं तिने खावं की नाही.

१२ जुलै, कोरीट

घरी आलो. पेरणी देवरामने नीट केली आहे, हे मान्य. कपाशीच्या तासांत मूग. मी बोललो नाही त्याच्याशी. तो दोनदा ओट्यावर येऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा विचारलं, कसा शे. म्हटलं जाऊन पाहा.

थोरली म्हणाली कातडी सडली असं ऐकलं, शेवटी परक्याचं ते परक्याचं. मी तिला उभ्या उभ्या झाडलं. इतकं झाडलं की शेजारचा भिला पाटील कुंपणापाशी येऊन विचारू लागला काय झालं. म्हटलं काही नाही, तुमच्या घरी जा.

२९ जुलै

सु.चं कार्ड, त्याच्या हातचं. ताप नाही. काशीच्या पट्ट्या सगळ्या निघाल्या. त्याच्या स्वतःच्या पसरल्या आहेत, पण मांडीवर मध्ये हाताच्या पंजाएवढी जागा उघडी आहे, तिथे पोचत नाहीत. डॉक्टर पुन्हा एकदा लावणार, या वेळी फक्त त्याचीच, छातीवरची. रक्त द्यावं लागेल, कुणी येईल का. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: "हिला चालता येतं."

कुणी येईल का, असं पोराला विचारावं लागतं.

४ ऑगस्ट

शेतावर गेलो. मूग फुलावर आहे. जोमात आहे, आणि मधली कपाशी वीतभर, मुगाखाली दबलेली दिसते. नवखा माणूस म्हणेल मूगच खरं पीक. महिनाभरात मूग निघेल आणि मग कपाशी दोन्ही बाजूंनी पसरून तास बुजवील. लहानपणापासून असंच करतो. तोवर मूग माती झाकून ठेवतो, तण येऊ देत नाही.

बांधावर बराच वेळ बसलो. त्या डॉक्टराने हे असं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. पाहुणी म्हणे. बोलायची अक्कल नाही.

देवराम कोळपं घेऊन पलीकडच्या तासाला होता. जवळ आला तेव्हा मी कार्ड पुढे केलं. त्याने उभ्यानेच वाचलं. मग बैल सोडले, कोळपं बांधावर ठेवलं.

८ ऑगस्ट

देवराम सकाळच्या गाडीने सुरतेला गेला. कुणाला न सांगता जायचा बेत होता, पण थोरलीने रडून वाडा डोक्यावर घेतला तेव्हा कळलं. मी स्टेशनपर्यंत बैलगाडीत बरोबर गेलो. फलाटावर त्याने तिकीट दोनदा खिशातून काढून पाहिलं. म्हणालो, रक्तच काढतात, सुई असते, चाकू नसतो. तो म्हणाला, "चाकू ऱ्हायना तरी जासू."

मग अर्धवट काहीतरी बोलला, कढईच्या वेळी पाय खरंच… गाडीने शिट्टी दिली. ऐकू आलं नाही. मला ऐकायचंही नव्हतं. राग आहे तो आहे. गाडी गेल्यावर आठवलं, भाकरी बांधून दिली नाही.

१३ ऑगस्ट

पत्र नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडावरूनच हात हलवून जातो. जवळ येऊन तरी सांगावं.

शस्त्रक्रिया झाली असेल का. की देवराम तिथे दारातच चक्कर येऊन पडला असेल. दोन भाऊ दोन खाटांवर, असलं काही मनात येतं. मग मी ओट्यावरून घरात आणि घरातून ओट्यावर. थोरली म्हणाली बसा ना आबा. बसून काय होणार.

१६ ऑगस्ट, रविवार

कानबाई आल्या. नारळाला नथ, लुगडं, सगळं थोरलीने नीट केलं, त्यात बोट ठेवायला जागा नाही. रोटासाठी गहू मापायचं काम घरच्या कर्त्याचं. घरात जितके पुरुष तितकी मापं, वाडवडिलांपासून. माझं एक, देवरामचं एक, सुकदेवचं एक. बायकांचं वेगळं माप नसतं, नवऱ्याच्या मापात त्या येतात.

तीन मापं सुपात टाकली. मग चौथं टाकलं.

थोरलीने जात्यापाशी हात थांबवला. "आबा, हाई कोनं?"

म्हटलं काशीचं.

"बायकासनं माप ऱ्हात नही."

म्हटलं माहीत आहे. दळ.

ती कानबाईकडे पाहून काहीतरी पुटपुटली. तिची सासू जिवंत असती तर मला विळी फेकून मारली असती. मारू दे. जिने अंगावरचं काढून दिलं तिचं माप नसेल तर या सुपाला अर्थ काय. देवीला चालत नसेल तर देवीने मला विचारावं, त्या पोरीला नाही.

दळलं तिने. थोडं जाडंच दळलं.

१७ ऑगस्ट

कानबाई तापीवर पोचवून आलो. पाणी बरंच चढलं आहे, गढूळ. घरात आता मी आणि थोरली, आणि टोपलीत रोट. माझा मी खाल्ला. देवरामच्या रोटातला तिने खाल्ला. दोन उरले. रोट घराबाहेर न्यायचा नाही, परक्याला द्यायचा नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. खाणारे सुरतेला.

पत्र नाही.

१९ ऑगस्ट

पोस्टमनला कुंपणाशीच पकडलं. थैली उघडून दाखव म्हटलं. त्याने दाखवली बिचाऱ्याने. नव्हतं. सुरतेकडून टपाल उशिरा येतंय म्हणाला, पुराने लाइनवर कुठेतरी माती आली आहे. हे खरं की मला गप्प करायला, देव जाणे.

थोरलीने आज पहिल्यांदा विचारलं, "काशीले आते चालता येस ना नीट?" म्हटलं येतं. तिने फडकं काढून टोपलीवर झाकलं, मुंग्या लागतील म्हणाली.

२१ ऑगस्ट

पौर्णिमा उद्यावर आली. रोट दोन्ही टोपलीत आहेत. एक सुकदेव तुझा. एक काशीचा, तिच्या स्वतःच्या मापाचा, तो मी खाणार नाही आणि थोरलीनेही हात लावलेला नाही. आमच्या घरातून रोट आजवर वेशीबाहेर गेलेला नाही. मी दोन्ही धुतलेल्या धोतराच्या पानात बांधले आहेत. बांधले, म्हणजे नेणार असं नाही. बांधून खुंटीला लावले आहेत. भिला पाटलाला विचारलं, सुरतेची सकाळची गाडी चालू आहे का. तो म्हणाला कशाला. म्हटलं सहज.

तीन माणसं तिथे आहात आणि एकालाही चार ओळी लिहिता येत नाहीत. देवराम, तुझा राग मी तुला घरी आल्यावर देईन, आत्ता फक्त लिही. काशी, तुला येत नसेल तर त्या मिलवाल्या म्हाताऱ्याकडून लिहून घे. ती पंजाएवढी जागा बुजली का, छातीवरची पट्टी धरली का, एवढंच. धरली नसेल तर तसं लिहा. पण लिहा. गाडी सुटायच्या आत मला काहीतरी कळवा रे.